वारसाने आलेली मोटार

मनुष्यास वडिलांकडून व आजोबांकडून ज्या वस्तू प्राप्त होतात, त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतील. देवघरातील टाक, आजीच्या हातची पितळी परात, माजघरातील झोपाळा, भिंतीवरचे घड्याळ ह्या वस्तू पहिल्या वर्गात येतात. त्या घरातच राहतात, घरातल्यांशीच त्यांचा संबंध असतो, आणि त्यांच्यावरील आपली माया कितीही अस्थानी असली तरी तिची झळ शेजाऱ्यास लागत नाही. बंद पडलेले घड्याळ आजोबांचे म्हणून कोणी पन्नास वर्षे भिंतीवर ठेवले, तर त्यामुळे फार झाले तर घरच्या माणसांची वेळ चुकेल. दुसऱ्या वर्गातील वस्तू घराबाहेर पडतात. त्या परक्यांमध्ये वावरतात. त्यांचा वेग, त्यांचे वजन, त्यांचा धूर ह्यांचा उपसर्ग ज्यांना आपले आजोबा कोण हे ठाऊकही नाही, अशांना होतो. मोटारगाडी ही ह्या दुसऱ्या वर्गातील मुख्य वस्तू होय. म्हणून वारसाने आलेली परात आणि वारसाने आलेली मोटार ह्यांचा विचार एकाच मापाने करता येत नाही.

आजोबांची मोटार नातवाच्या किंवा नातीच्या हाती, त्यांची पहिली गाडी म्हणून देण्याचा प्रसंग अलीकडे अनेक घरांत येतो. वरवर पाहता हा केवळ आनंदाचा प्रसंग आहे. गाडी पुसून लख्ख केली जाते, नारळ फोडला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि किल्ली तरुण हातात पडते. तथापि त्या किल्लीबरोबर आपण नेमके काय देत असतो? वस्तू, आठवण की आज्ञा? आणि जो ती घेतो, तो कोणाचे देणे पत्करतो? आमच्या मते हा प्रश्न नीतिशास्त्राच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. कारण प्रेम आणि मालकी, कृतज्ञता आणि स्वातंत्र्य ह्यांच्या सीमारेषा येथे एकमेकींत मिसळतात, आणि त्या मिसळल्या म्हणजे बहुधा दुर्बलाचे नुकसान होते.

मोटारीविषयी एवढी माया उत्पन्न होण्यास आपल्याकडे ऐतिहासिक कारण आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होऊ लागल्या. फियाट अकराशे ह्या गाडीचा जो अवतार येथे रुळला, त्यास १९७४ साली पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गियरचा दांडा सुकाणूच्या खांबास लावलेला, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, आणि थंडीच्या सकाळी चोक ओढून थोडा वेळ धीर धरल्यावाचून न निघणारी अशी ही गाडी होती. त्या काळी पैसे हातात असले म्हणजे मोटार मिळे असे नाही. नाव नोंदवावे, अनामत भरावी आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा क्रम होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती गाडी बाजारात येईपर्यंत सामान्य मध्यम वर्गास निवडीला वाव असा जवळजवळ नव्हताच. ज्या वस्तूची वाट वर्षानुवर्षे पाहिली जाते, ती दारात येते तेव्हा वस्तू राहत नाही. ती घरातील एक घटना होते. लग्नाची वरात, बाळंतिणीचे घरी येणे, पंढरीची वारी संपवून परतलेले आजोबा, दवाखान्याकडे मध्यरात्री केलेली धाव, ही सर्व त्या एकाच गाडीच्या काचेतून पाहिली गेली. तेव्हा ती विकण्याची गोष्ट निघताच घरातील वडील माणसे गप्प होतात, ह्यात नवल नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी अशा एका घराची कल्पना करू. हे घर टेमघरास आहे असे समजावे. हे टेमघर पुण्याकडील धरणाचे नव्हे; भिवंडीहून कल्याणकडे जाताना लागणारे, आणि जेथील जलशुद्धीकरण केंद्रामुळे ज्याचे नाव ठाणे जिल्ह्यात पाण्याशी जोडले गेले आहे ते. ज्या आजोबांनी गाडी घेतली, त्यांच्या काळी भिवंडीची कीर्ती होती ती यंत्रमागांची. आज त्याच तालुक्यात मोठमोठी गोदामे उभी आहेत, आणि त्या गोदामांचा माल वाहणारे ट्रक व कंटेनर कल्याणच्या रस्त्याने आणि राजनोली नाक्यावरील महामार्गाने अहोरात्र चालत असतात. आजोबांची गाडी तीच आहे; रस्ता मात्र तो राहिलेला नाही. ह्या एका वाक्यात आमच्या प्रश्नाची अर्धी अडचण आली. आठवण वस्तूस चिकटून राहते, पण वस्तू जेथे वापरावयाची ते जग तिच्यासाठी थांबत नाही.

आता प्रथम हे पाहिले पाहिजे की, आठवण राहते कोठे? घरचे लोक म्हणतात, ‘ह्या गाडीत आजोबा आहेत.’ हे वाक्य खोटे म्हणता येणार नाही, पण त्याचा अर्थ सरळही नाही. मिलिंदपञ्ह नावाच्या पाली ग्रंथात नागसेन नावाचा भिक्षू आणि मिलिंद राजा ह्यांचा संवाद आहे. राजा रथातून आला होता. भिक्षूने त्यास विचारले की, रथ म्हणजे काय. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, साटा म्हणजे रथ काय? राजास प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. अखेर त्याने कबूल केले की, हे सारे भाग ज्या रीतीने जुळतात त्या जुळणीस आपण व्यवहारासाठी रथ हे नाव देतो. टेमघरच्या त्या गाडीस हाच प्रश्न विचारून पाहावा. कार्बुरेटर दोनदा बदलला, आसनांची कापडे तीनदा शिवली, पत्रा गंजला तेथे नवा जोडला, रंग तर किती वेळा दिला ह्याचा हिशेब नाही. ह्यांतील कोणत्या भागात आजोबा आहेत?

आमच्या कायद्याने ह्या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर देऊन ठेवले आहे. नोंदणीच्या पुस्तकात सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि सरकारच्या दृष्टीने गाडीची ओळख पटविणारी खूण ती. आजोबांची ओळख मात्र अशा क्रमांकाने पटत नाही. ती ज्यांनी त्यांना सुकाणूमागे बसलेले पाहिले त्यांच्या चित्तात असते. मुलास ती गाडी पाहून वडील आठवतात, कारण मागच्या आसनावर बसून त्याने वडिलांचा मानेमागचा भाग तासन्‌तास पाहिलेला असतो. नातवाने तो पाहिलेला नाही, किंवा अगदी लहानपणी पाहिला असेल. ह्यावरून असे ठरते की, गाडीचे हस्तांतरण होऊ शकते, आठवणीचे होत नाही. नातवास मिळते ती आठवण नव्हे. दुसऱ्याच्या आठवणीचा आदर करण्याचे काम त्यास मिळते. हे काम थोर आहे, परंतु ते काम आहे हे घरच्यांनी विसरू नये. ज्यास आपण देणगी म्हणतो, ती घेणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर कित्येकदा नोकरी असते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मग हे सारे थोतांडच म्हणावयाचे. लोखंड ते लोखंड, त्यास भावना कसली? भंगारवाल्यास बोलवावे आणि मोकळे व्हावे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी भिवंडीचाच इतिहास पाहावा. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले कितीतरी माग ह्या गावाने विकत घेतले. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तर विणकामाचा मोठा भाग मुंबईहून इकडे वळला. जे यंत्र एका शहराने मोडीत काढले, तेच दुसऱ्या गावात आणखी एक आयुष्य जगले आणि त्याने कुटुंबेच्या कुटुंबे पोसली. मागवाल्याने त्या जुन्या यंत्राकडे तुच्छतेने पाहिले नाही. त्याचा आवाज बदलला की कोठे काय झिजले हे त्यास कळे. तो तेल घाली, धोटा बदली, पट्टा ताणी. खंडेनवमीस त्याने त्यास फुले वाहिली, आणि दसरा उलटताच पुन्हा त्याच्याकडून काम घेतले. जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे हा दारिद्र्याचा नाइलाज नव्हे. तो एक सद्गुण आहे. ज्या युगात वस्तू बिघडण्यापूर्वीच टाकली जाते, त्या युगात तर त्याचे मोल अधिकच. म्हणून लोखंड ते लोखंड हे मत आम्हांस मान्य नाही. एखाद्या वस्तूशी माणसाने चाळीस वर्षे जो व्यवहार केला, त्याने त्या माणसाच्या हातास वळण लागले, त्याच्या कानास शिक्षण मिळाले. चोक ओढून थांबावे लागते ही गोष्टदेखील उतावळ्या तरुणास काही शिकवून जाते.

पण त्याच मागवाल्याकडून आणखी एक गोष्ट शिकावयाची आहे. माग चालेनासा झाला, त्याचे कापड बाजारात उभे राहीना, किंवा त्याच्या जवळ काम करणाऱ्याचा हात धोक्यात येऊ लागला, की तो त्यास बाजूस काढी. त्या वेळी ‘ह्यावर माझ्या बापाने कापड विणले’ असे म्हणून त्याने तो मजुराच्या गळ्यात बांधला असता, तर आपण त्यास पितृभक्त म्हटले नसते. खंडेनवमीच्या पूजेतील मर्म हेच आहे. आयुधाची पूजा करावयाची ती आयुध म्हणून. त्याच्या उपयुक्ततेबद्दल कृतज्ञता दाखवावयाची; उपयुक्तता सरल्यावरही त्याने आपल्यावर राज्य करावे म्हणून नव्हे.

आता देण्याच्या रीतीकडे वळू. आपल्या धर्मशास्त्रकारांनी दानाची जी व्याख्या केली आहे, तिचा आशय असा की, देणाऱ्याचे स्वामित्व निवृत्त होऊन घेणाऱ्याचे स्वामित्व उत्पन्न झाले म्हणजेच दान पूर्ण झाले. ह्यांपैकी दुसरा भाग सोपा आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्ज केला, शुल्क भरले की नाव बदलते. मालक वारला असता वारसाने तीस दिवसांच्या आत नोंदणी-अधिकाऱ्यास कळविले, तर मृत्यूपासून तीन महिनेपर्यंत ती गाडी जणू आपल्याच नावे झाली आहे अशा रीतीने त्यास वापरता येते, आणि त्या मुदतीत हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो, असा नियम आहे. मृताच्या मालकीस कायद्याने दिलेली सवलत तीन महिन्यांची. घरातील माणसांच्या मनातील ती मालकी तीस वर्षेही सरत नाही. पहिला भाग, म्हणजे देणाऱ्याचे स्वामित्व निवृत्त होणे, हाच कठीण.

किल्ली हाती देताना वडील मंडळी म्हणतात, ‘गाडी आता तुझीच रे बाळा.’ आणि दुसऱ्या दिवसापासून सूचना सुरू होतात. रंग बदलू नकोस, आजोबांना हाच आवडे. आसने काढू नकोस, ती त्यांनी स्वतः उभे राहून करवून घेतली होती. विकण्याचे नाव काढू नकोस. साठाच्या पुढे नेऊ नकोस, त्यांनी कधी नेली नाही. ह्यांतील शेवटची सूचना शहाणपणाची आहे. परंतु तिचे कारण चुकीचे आहे. गाडी साठाच्या पुढे नेऊ नये ती तिच्या ब्रेकांमुळे, रस्त्यामुळे, चालकाच्या कोवळ्या अनुभवामुळे. आजोबांच्या सवयीमुळे म्हणून जो नियम पाळावयास सांगितला जातो, तो आजोबांचा धाक ओसरताच मोडला जातो. कारणामुळे पाळलेला नियम मात्र माणूस एकटा असतानाही पाळतो. आणि पहिल्या गाडीत तरुण मनुष्य आयुष्यात प्रथमच खरोखर एकटा असतो. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून कायदा मोटार चालविण्याचा परवाना देत नाही, तो ह्याचसाठी की, त्या आसनावर बसलेल्यास दर क्षणी स्वतःच्या बुद्धीने निर्णय करावयाचा असतो. तेथे शेजारी मृत आजोबांस बसविले, तर सुकाणूवर दोन माणसांचे हात पडतात. दोघांनी मिळून चालविलेली गाडी कोणीच चालवीत नसतो.

आणखी एक गोष्ट ह्याच ओघात सांगावीशी वाटते. आजोबांची गाडी द्यावयाची म्हटली की घरातील डोळे नातवाकडे वळतात. नात थोरली असली तरी तिच्याकडे क्वचित वळतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला. आजोबांनी स्वकष्टाने घेतलेली मोटार ही त्या अर्थी वडिलोपार्जित मिळकत नव्हे, हे खरे. परंतु माया वाटून देण्यास कायद्याची वाट कशास पाहावी? ज्या आठवणीचा वारस केवळ पुरुषच होऊ शकतो, ती आठवण आजोबांची नसून घराच्या अहंकाराची असते, असे समजण्यास हरकत नाही.

ह्याच कायद्याच्या त्याच दुरुस्तीत एक दुसरी गोष्ट घडली. केवळ पुत्रधर्म म्हणून वडिलांचे, आजोबांचे वा पणजोबांचे कर्ज मुलाने, नातवाने वा पणतूने फेडलेच पाहिजे, ही जुनी समजूत त्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांपुरती न्यायालयांत चालेनाशी झाली. मृताचे ऋण रक्ताबरोबर आपोआप उतरत नाही, असे आता राजशासन म्हणते. पण कायद्याने जे सोडून दिले ते नीतीने सोडून दिले असे होत नाही. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी १९६४ साली एक फियाट गाडी घेतली. तिची किंमत सुमारे बारा हजार रुपये होती, आणि कमी पडलेले पाच हजार रुपये त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज फिटावयाचे होते. त्यांच्या पत्नी ललिताबाई ह्यांनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी आज दिल्लीस त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. ती पाहणाऱ्यास आदर वाटतो तो तिच्या पत्र्याबद्दल नव्हे, ती एका पंतप्रधानाची होती म्हणूनही तितकासा नव्हे. एका विधवेने पतीच्या मागे त्या गाडीचे देणे फेडले, ह्यात तिची थोरवी आहे. वस्तूबरोबर तिचे ऋण ज्याने घेतले त्यानेच वस्तू घेतली. बाकीच्यांनी केवळ शोभा घेतली.

मग टेमघरच्या गाडीचे ऋण कोणते? बँकेचे कर्ज आजोबांनीच केव्हा फेडले असेल. पण मोटारीचे एक ऋण असे आहे की जे ती रस्त्यावर असेतोवर कधीच फिटत नाही, आणि ते असते रस्त्यावरील परक्या माणसाचे. मोटार वाहन कायद्याने हे फार चांगल्या रीतीने ओळखले आहे. स्वतःच्या गाडीचा विमा उतरवावा की न उतरवावा हे त्याने मालकाच्या मर्जीवर सोडले. परंतु तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. आपली लाडकी गाडी चुरडली तर सरकारचे काही म्हणणे नाही. तिच्याखाली सापडणाऱ्या अनोळखी माणसाची तरतूद मात्र आधी करून ठेवा, असा ह्याचा अर्थ. ह्या एका कलमात जेवढी नीती आहे, तेवढी आमच्या पुष्कळशा कौटुंबिक भावुकतेत नाही. कारण कुटुंबाच्या आठवणीत गाडीत बसलेली माणसे असतात. गाडीसमोरून रस्ता ओलांडणारा माणूस त्या आठवणीत कधीच नसतो.

हे ऋण तपशिलाने पाहिले म्हणजे फार गद्य दिसते. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकासाठी हवेची पिशवी असावीच लागते. पद्मिनीत ती नाही. ओल्या रस्त्यावर चाके अडकू न देणारी ब्रेकांची नवी योजना तिच्यात नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या धुराच्या मानांशी तिची तुलनाच करावयास नको. कंटेनरांच्या रांगेत, आषाढातल्या पावसात, संध्याकाळी पाळी सुटल्यावर घरी जाणाऱ्या सायकलवाल्याच्या मागे ही गाडी असेल, तेव्हा तिच्या ब्रेकांचे अस्तर झिजले आहे की नाही ह्या प्रश्नापुढे ती कोणाच्या वरातीत होती हा प्रश्न फिका पडतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, वारसाने मोटार घेणाऱ्या तरुणाची पितृभक्ती त्याने गाडीवर घातलेल्या हारात मोजू नये. त्याने ब्रेक केव्हा तपासले, टायर केव्हा बदलले, आसनास पट्टे बसविले की नाही, आणि धुराचे प्रमाणपत्र खरोखर तपासणी करून घेतले की नाही, ह्यांत मोजावी. आजोबांच्या आसनाचे कापड वाचविण्यासाठी ज्याने पट्टा बसविला नाही, त्याने आजोबांचा मान राखला नाही. त्यांच्या नावावर एक धोका चढविला.

येथे आणखी एक पूर्वपक्ष संभवतो. गाडीत इतका फेरबदल केला तर ती आजोबांची राहील काय? मूळ स्वरूप गेले म्हणजे आठवणही गेली! ह्या शंकेस सरकारी नियमांतच एक मार्मिक उत्तर सापडते. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या झालेल्या खासगी गाड्यांस पुरातन गाडी म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम २०२१ साली झाला. अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, सांगाड्यावरील कवच आणि इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४ साली नोंदविलेल्या पहिल्यावहिल्या पद्मिनी आता ह्या वयास पोहोचल्या आहेत. पण हा मान मिळाला की त्याबरोबर बंधन येते. अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, पुरातन गाड्यांची फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती चालविता येते. ह्याचा अर्थ असा की, मूळ रूप राखावयाचे असेल तर रोजचा रस्ता सोडावा. आणि रोजचा रस्ता हवा असेल तर इतर गाड्यांप्रमाणे तपासणी द्यावी, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून घ्यावी आणि योग्य ठरावे.

आमच्या मते सर्व वादाचा निकाल ह्या भेदात आहे. एकच वस्तू एकाच वेळी मूर्ती आणि हत्यार होऊ शकत नाही. मूर्तीस हात लावावयाचा नसतो, हत्यारास धार लावावयाची असते. घरातील वडिलांची इच्छा पुष्कळदा अशी असते की, गाडीने मूर्तीसारखे अभंग राहावे आणि नातवाने ती हत्यारासारखी रोज वापरावी. आणि ह्या दोन इच्छांमधील विरोधाचा भार ज्याने तो निर्माण केला नाही त्या तरुणाने वाहावा. ती मोडली तर त्याने आजोबांस मोडले. ती सुधारली तर त्याने आजोबांस बदलले. ती विकली तर त्याने आजोबांस विकले. अशा देणगीपेक्षा बसचा पास बरा! वडिलांनी आधी स्वतःशी निश्चय करावा. मूर्ती हवी असेल तर गाडी अंगणात छपराखाली ठेवावी, तिची निगा आपण राखावी, सणासुदीस फुले वाहावी, आणि नातवास कामासाठी दुसरे वाहन घेऊ द्यावे. हत्यार म्हणून द्यावयाची असेल तर पूर्ण द्यावी. रंगासह, आसनांसह, आणि एके दिवशी ती विकण्याच्या अधिकारासह द्यावी.

हा शेवटचा अधिकार देणे वडिलांस सर्वांत जड जाते. परंतु आपण ज्या समाजात वाढलो, त्यास ही विद्या परकी नाही. भाद्रपदात आपण मातीची मूर्ती घरी आणतो, तिच्यात प्राणप्रतिष्ठा करतो, दीड दिवस वा दहा दिवस तिला घरातील वडीलधाऱ्या माणसासारखे वागवितो, आणि मग वाजतगाजत पाण्यात सोडून रिकामा पाट घेऊन घरी येतो. त्या रिकाम्या पाटाकडे पाहून डोळे भरतात. पण मूर्तीचा अपमान झाला असे कोणास वाटत नाही. माणसाने वस्तूत भाव घातला, तर तो आदराने काढूनही घेता येतो, हे आमच्या बायकामुलांस दरवर्षी शिकविले जाते. मग लोखंडाच्या बाबतीतच आम्ही हे विसरावे काय? २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघून गेली, कारण त्या शहरात टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरविलेले आहे आणि शेवटच्या गाडीची नोंदणी २००३ सालची होती. पुष्कळांना हळहळ वाटली. पण ज्या टॅक्सीवाल्याने ती गाडी चालवून मुलांची शिक्षणे केली, त्याची कमाई, त्याचे कष्ट, त्याने वेळेवर पोहोचविलेले रुग्ण ह्यांतील काहीही त्या दिवशी मोडीत निघाले नाही. गाडी गेली, तिने केलेले काम झालेलेच राहिले. केलेले काम मोडीत घालण्याचे यंत्र अजून कोणी काढलेले नाही.

ज्यास पहिली गाडी म्हणून आजोबांची मोटार मिळते, त्या तरुणास वा तरुणीस शेवटी एवढेच सांगावयाचे की, तुम्ही ती कृतज्ञतेने घ्या, पण भीतीने घेऊ नका. आजोबांनी ती ज्या काळजीने चालविली ती काळजी घ्या. त्यांच्या सवयी घेतल्याच पाहिजेत असे नाही. ती आणून त्यांनी घरच्या माणसांस जो मोकळेपणा दिला, दवाखान्याची वेळ गाठण्याची, लेकीस माहेरी आणण्याची, भावास स्टेशनावर सोडण्याची जी शक्ती दिली, तोच तिचा खरा वारसा होय. तो पुढे चालवावयाचा तर शेजारची म्हातारी कल्याणच्या दवाखान्यात न्यावयाची असेल तेव्हा मागचे दार उघडून द्या. आणि गाडी रस्त्यास योग्य राहिली नाही असे ज्या दिवशी चांगल्या मिस्त्रीने सांगितले, त्या दिवशी घरातील वडिलांपुढे जाऊन शांतपणे म्हणा, ‘आजोबांनी ही आपल्या माणसांना सुखरूप पोहोचविण्यासाठी घेतली होती, आता हिच्याने ते होत नाही.’ वडील थोडा वेळ गप्प राहतील. त्यांना तसे राहू द्यावे. त्यांचे विसर्जन त्या वेळी चालू असते.